अक्काच्या दारातली गाडी

माझं गाव खंडाळ्याच्या अंगाला, माळावरचं, आन् आमच्याकडं पोरगं जन्मलं की आधी छाती बघत्यात, फौजंत जाईल का न्हाई म्हनून. वडील फौजंत, चुलतं फौजंत, मीबी गेलो. आई लवकर गेली, वडील सदा सरहद्दीवर, तवा मला वाढवलं थोरल्या बहिनीनं, अक्कानं. तिच्या हातच्या भाकरीवर ही छाती झाली. ती दिली इस्लामपूरच्या बाजूला. तिच्या गावाचं नाव तेवढं लिवू नका, का ते फुडं कळंल तुमास्नी.

मी हवालदार हून रिटायर झालो. पेन्शन हाय, न्हाई असं न्हाई, पन पोरीचं नर्सिंगचं शिक्षन चाललंय, आन् रिकामं बसून मानूस सडतंय बगा. सांगलीला एक कंपनी हाय, बँकांची रोकड गाडीतनं न्हेती, तिला बंदूकवालं पायजे हुतं. गेलो. पळवलं, छाती मोजली, नेम बघितला. साहेब म्हनलं, हवालदार, तुमी आमचंच, जाताना युनिफॉर्मचं माप दिऊन जावा. माप दिऊन आलो, पोरीला म्हनलं, फीची काळजी सोड आता. गंगेत घोडं न्हालं असं वाटलं.

आन् मंग फोन आला. हापिसातल्या मॅडम, लेकीच्या वयाच्या, बोलायला लय गोड. म्हनल्या, काका, तुमच्या नावावर मोटारसायकलचं कर्ज थकलंय, आमी नोकरीवर घ्यायच्या आधी समद्यांचा कर्जाचा रिपोर्ट काढतो, ज्येच्या हातात दुसऱ्याची रोकड द्यायची त्येचं सोताचं देनं साफ पायजे. मी म्हनलं, मॅडम, माझ्याकडं मोटारसायकलच न्हाई, मी यष्टीनं हिंडतो. त्यांनी गाडीचा नंबर वाचला आन् मी वळखला. ती दाजींची गाडी.

काय सांगू तुमास्नी, आमच्यात एक रीत हाय. फौजीला कॅन्टीनात वस्तू सवस्तात मिळती, म्हनून फ्रीज म्हनू नका, मिक्सर म्हनू नका, अर्धी भावकी फौजीच्याच नावावर घेती. फौजी सुट्टीला आला की आधी कॅन्टीनची यादी, मंग चहा. तशीच दाजींनी, अक्काच्या मालकांनी, गाडी घेतली. नाव माझं, कर्ज माझ्या नावावर, हप्ता दाजींनी भरायचा. मी गेलो पोस्टिंगला. रिटायर झाल्यावर फोनचा नंबर बदलला, नोटिसा कुटं गेल्या द्येवाला ठावं. दाजींना इचारलं की म्हनायचं, चाललंय, चाललंय. दाजींना परत परत कोन इचारतंय? बहीन त्येंच्या घरात हाय.

मॅडम म्हनल्या, सोमवारपतूर कर्ज मिटल्याचा कागद आना काका, तुमच्या जागंवर दुसरा मानूस तयार हाय.

निघालो इस्लामपूरला. यष्टीत बसून बोलनं पाठ केलं, दाजी, माझी भाकरी चाललीय, आता आडपडदा नगं. परेडच्या आधी पाठ करावं तसं. डोकं नुसतं तापलं हुतं. गाडी घेतल्यापासनं अक्काच्या दारात मी गेलोच नव्हतो, भाऊबीजंला तीच आमच्याकडं यायची. दारात गेलो तर गाडी उभी, पुसून लखलखीत, हँडलला दसऱ्याचा वाळका हार, आन् म्होरं पाटीवर लाल रंगात लिवलेलं, भावाची भेट.

मी बघतच ऱ्हायलो. अक्का पानी घिऊन आली, म्हनली, बघतूस काय रं आनंदा, तूच दिलेली हाय. शेजारनीला हाक मारून म्हनली, ह्यो बग माझा भाऊ, गाडीवाला. उंबऱ्यावर तिची सासू बसलेली, आयुष्यभर माहेराच्या नावानं टोमनं मारनारी म्हातारी, ती म्हनती, या पाव्हनं, तुमच्यावानी भाऊ ह्या गल्लीत कुनाला न्हाई. तवा उजेड पडला. अक्का फोनवर म्हनायची, गाडीचं लय केलंस रं, मला वाटायचं कॅन्टीनचं म्हनती. तिला गाडी भेटच वाटत हुती!

दाजी कारखान्यातनं आलं. मला बघितलं आन् तोंडावरचं रगातच गेलं. एका पंगतीला जेवलो. दाजी ताटातनं मान वर करंनात, अक्का आपली वाढतीय, हास्तीय, तूप घे म्हनतीय. माझं पाठ केलेलं समदं जिभंवर आलेलं. एक शब्द बोललो असतो तर नोकरीचं काय झालं असतं ठावं न्हाई, पन अक्काचं तोंड त्या म्हातारीफुडं कायमचं खाली गेलं असतं. न्हाई बोललो. राग तर असा आला हुता की ताट फेकून द्यावं.

दाजी स्टँडवर सोडायला निघालं, त्याच गाडीवर. मी मागं. कॅनॉलपाशी त्येंनी गाडी थांबवली, उतरलं आन् रडाय लागलं. म्हनलं, पाव्हनं, आई तिला जगू दिईना, भावानं काय दिलं, काय दिलं करून, म्हनून मी म्हनलं, भावानं गाडी दिली. आता भेटंचा हप्ता घरातनं कसा काढू? ओव्हरटाइमच्या पैशातनं चोरून भरत हुतो. ओव्हरटाइम बंद झाला, हप्ता बंद झाला. तुमच्या कानावर घालायचं धाडस झालं न्हाई.

आता ह्या मानसाला काय मारायचं? माझ्याच बहिनीसाठी खोटं बोलला. मी म्हनलं, चला दाजी, यष्टी जाईल.

घराच्या स्लॅबला ठेवलेलं पैसं हुतं, त्ये काढून भरलं. सोमवारी कागद घिऊन सांगली गाठली. मॅडमच्या टेबलावर पिशवीत माझा शर्ट घडी घालून ठेवलेला, छातीवर माझं नाव शिवलेलं. त्यांनी कागद वाचला, वर फोन लावला, लय वेळ बोलल्या. मंग म्हनल्या, काका, कागद खरा हाय हो, पन हप्तं चुकल्याचा डाग रिपोर्टात ऱ्हातो, वरचं साहेब न्हाई म्हनत्यात. मी म्हनलं, मॅडम, इतकी वर्सं बंदूक दिली हुती की सरकारनं माझ्या हातात. त्यांनी कागद घडी घालून माझ्या हातात परत दिला. त्यांचा काय दोष, त्यांचीबी नोकरीच. शर्ट तितंच ऱ्हायला.

आता मी सांगलीतच हाय, हळदीच्या एका वखारीवर राखनीला. शेटजींनी फकस्त गाव इचारलं आन् किल्ली दिली. पगार कमी हाय, स्लॅब ऱ्हायला, पोरीची फी कशीबशी निघती.

दाजी मधी इथं आलं हुतं, पाकिटात पैसं घिऊन. म्हनलं, थोडं थोडं करून समदं फेडतो. मी पाकीट त्येंच्या खिशात परत कोंबलं. म्हनलं, न्हाई दाजी. आता ती गाडी म्या दिलीया. तुमी पैसं परत केलंसा तर माझी अक्का खोटी पडंल.