माझ्या गेलनचं तोंड

...आणि फोटो कुठला छापावा हो, तर पाठमोरा! नाही, तुम्हीच सांगा, विद्यापीठाचं मासिक आहे, चांगलं गुळगुळीत कागदाचं, त्यात दहा जणांची नावं दिलीत, वर मथळा काय, तर 'ज्यांना आपण ओळखलंच नाही'. म्हणजे आपल्या इथं शिकताना अमेरिकन फुटबॉलमध्ये ज्यांना कुत्रं विचारत नव्हतं, आणि पुढे पैसे घेऊन खेळणाऱ्या मोठ्या संघांत जाऊन जे वर्षानुवर्षं टिकले, लोकांचे लाडके झाले, ते हे दहा. बरं! नऊ जणांचे फोटो कसे? हसताहेत, केस विंचरलेत, एकाच्या तर मांडीवर कुत्रा. आणि दहावा आमचा गेलन. वाकलेला. मागून घेतलेला. खाली लिहिलंय, गेलन कुबिचेक. अहो, कशावरून? तिथं कुणीही असेल! न ओळखलेल्यांच्या यादीतसुद्धा माझा मुलगा ओळखू येऊ नये, म्हणजे काय म्हणावं माणसानं? ओरविलला दाखवलं. ओरविल म्हणजे आमचा नवरा, जन्मभर मका पिकवला, दिवसाला सहा शब्द बोलतो. त्यानं चष्मा लावला, मासिक जवळ नेलं, लांब नेलं, आणि म्हणाला, "गेलनच आहे. उजवा खांदा खाली आहे." झालं! बापाचं समाधान झालं. पण तोंड काही दिसलं नाही.

आता तुम्ही म्हणाल, व्हर्लाबाई, एवढी आदळआपट कशाला? तर तुम्हाला सांगते, माझ्या लेकाचं कामच तसलं. त्या खेळात शेवटी शेवटी चेंडू लाथ मारून दोन उंच खांबांमधून घालवायचा असतो ना, तेव्हा एक जण वाकतो, स्वतःच्या दोन पायांमधून चेंडू मागे फेकतो. मागे एक जण गुडघ्यावर बसलेला असतो, तो झेलून जमिनीवर उभा धरतो, आणि तिसरा येऊन लाथ मारतो. मारली लाथ की सगळे त्या लाथमाऱ्याला खांद्यावर घेतात, त्याचे सोनेरी केस दाखवतात, त्याला दाढीच्या साबणाची जाहिरात मिळते. आणि जो वाकला तो? तो चिखलात पडलेला असतो, अंगावर समोरच्या संघाचे तीन-चार रेडे! टीव्हीचा कॅमेरा कुठं, तर मागे. म्हणजे पंधरा वर्षं, अहो पंधरा वर्षं, सगळ्या अमेरिकेनं माझ्या मुलाचं काय बघितलं असेल ते मी चारचौघांत सांगू शकत नाही!

विद्यापीठात गेला तेव्हा त्याला कुणी बोलावलंही नव्हतं. आपल्या खर्चानं शिकायचं आणि रोज सरावाला जाऊन फुकटचा मार खायचा. तिथला तो प्रशिक्षक, मान नसलेला माणूस, खांद्यावर थेट डोकंच... तो म्हणाला, "कुबिचेक, तू पळतोस गोगलगायीसारखा, झेलतोस आंधळ्यासारखा, पण वाकतोस मात्र झकास!" मी म्हटलं, एवढं दूध-लोणी खाऊ घातलं ते यासाठी? पुढे मोठे संघ मुलं निवडतात तेव्हा आम्ही दोन दिवस फोनपाशी बसून. वाजला! मी झडप घातली, तर आमचे फादर एमिल. "व्हर्ला, चर्चच्या जत्रेला कोलाचचे गोड पाव करशील ते खसखशीचे करशील की जर्दाळूचे?" म्हटलं, फादर, आधी फोन खाली ठेवा! देवाच्या माणसाशी असं बोलले मी. निवडीत नाव आलंच नाही. सगळं आटोपल्यावर, सगळे निवडून उरलेल्यांत हात घालतात ना, तेव्हा पूर्वेकडच्या एका संघाचा फोन आला, "एक वर्ष बघू." त्या एका वर्षाची पंधरा झाली. तीन प्रशिक्षक गेले, दोन मालक गेले, लाथमारे तर किती आले नि गेले. हा आपला तिथंच, वाकलेला.

आणि लोकांचा जीव किती म्हणून सांगू! एकदा गेले होते त्याच्याकडे राहायला. दुकानात रांगेत उभे राहिलो, तर मागचे लोक लगेच, "अरे, गेलन! आपला गेलन!" आणि पुढचे लोक वळून बघतात, कोण हा बुवा? कसाई तर तोंडाकडे बघून म्हणतो, "साहेब, कुठंतरी बघितल्यासारखं वाटतंय... जरा पाठ फिरवा बघू." यानं फिरवली! माझ्यादेखत! "अरे देवा, गेलन!" म्हणून तो कसाई काउंटरवरून उडी मारून बाहेर, मिठी काय, डोळे काय पुसतो, सॉसेजची माळ काय गळ्यात घालतो. मी तिथंच विचारलं, अरे, लाज नाही वाटत? तर गेलन म्हणतो, "आई, प्रेम आहे गं त्यांचं. मागून तर मागून." प्रेम आहे, कबूल. पण आईला तोंड हवं असतं हो! नऊ महिने पोटात ठेवलं ते काय पाठ बघायला?

तर आमचा रविवार ठरलेला. चर्च, मग घरी मोठ्या पातेल्यात चिली, म्हणजे खिमा-राजम्याचं तिखट कालवण, सोबत दालचिनीचे गोड रोल, शेजारची आर्डिस येते, ओरविल टीव्हीवरच्या तारा हलवतो आणि आम्ही बसतो. दर रविवारी आर्डिसचं तेच, "आज दाखवतील गं, मला वाटतंय." दर रविवारी माझं तेच, नाक काचेला लावून. वाकला, फेकला, लाथ बसली, आरडाओरडा झाला, साबणवाला नाचला... पण तोंड काही दिसलं नाही.

आणि मग तो रविवार आला. तुम्हाला सांगते, तसा रविवार वैऱ्यावरही येऊ नये. तिकडे बर्फमिश्रित पाऊस, सामना संपत आलेला, एक लाथ बसली की जिंकले. गेलन वाकला. ओरविलनं चमचा खाली ठेवला. चेंडू सुटला... आणि गेला की हो वर! गुडघ्यावर बसलेल्याच्या डोक्यावरून, लाथमाऱ्याच्या डोक्यावरून, कुठच्या कुठं! समोरच्यांनी उचलला, पळाले, सामना खलास. आणि कॅमेरा वळला. पंधरा वर्षांत पहिल्यांदा वळला मेला! शिरस्त्राण काढलेलं, कपाळापासून हनुवटीपर्यंत सगळा टीव्हीभर माझा गेलन. आर्डिस टाळ्या वाजवत ओरडली, "व्हर्ला! तोंड! तोंड दाखवलं गं!" आणि मग तिचं तिलाच कळलं, आणि ती रोलकडे बघत बसली. हनुवटीला चिखल, खालचा ओठ दातांत धरलेला. लहानपणी त्याचं वासरू मेलं होतं तेव्हा कोठाराच्या दारात असाच उभा होता, रडायचं नाही म्हणून. केस मागे हटलेत हो त्याचे. मला माहीतच नव्हतं, एवढा थकला होता तो. आणि ते हलवेनात कॅमेरा! पुन्हा पुन्हा तेच! अरे, पुरे की!

संध्याकाळी गेलनचा फोन आला. मी उचलला. म्हणाला, "आई... दिसलं का गं शेवटी तोंड?"

म्हटलं, "नाही रे बाळा. मी तेव्हा स्वयंपाकघरात होते, चिली लागत होती खाली."

"बरं झालं," म्हणाला.

मग हळूच सांगितलं, की मंगळवारी संघानं दोन तरुण बोलावलेत, कसे वाकतात ते बघायला. त्या धंद्यात असंच. पंधरा वर्षं नीट फेकलेले चेंडू कुणी लक्षात ठेवत नाही, एक वर गेला की दाराबाहेर. हा सदतिसाव्या वर्षी दुसरं काय करणार हो? वाकण्याशिवाय त्याला येतं काय? तो आठवडा कसा काढला ते मला विचारा. ओरविल रोजच्या सहा शब्दांवरून दोनवर आला. कपाटातल्या धुतलेल्या बश्या मी पुन्हा धुतल्या. गेलनला फोन करायचा धीर होईना, आणि त्याचाही आला नाही.

पुढचा रविवार. चिली कुणी खाईना. तीच वेळ, तीच लाथ, तोच पाऊस. मैदानात गडी आले, पाठमोरे, सगळे चिखलानं माखलेले, अंगावरचे आकडेसुद्धा दिसेनात. एक जण वाकला. आर्डिस म्हणते, "हा कुणी नवीन असावा." मी म्हटलं, "गप्प बस! उजवा खांदा बघ!" तोच! माझाच! अहो, मी त्या पाठीकडे बघून रडले. इतका देखणा माणूस मी उभ्या जन्मात बघितला नाही!

चेंडू सुटला. सरळ, नाकासमोर. लाथ बसली, खांबांमधून गेला, जिंकले! आणि तेवढ्यात तो कॅमेरा पुन्हा वळायला लागला. म्हटलं, नको, नको रे देवा, आता काय वाईट दाखवतोस? आणि मी एप्रन उचलला आणि डोक्यावरून ओढून घेतला, कानांत बोटं घालून बसले. बाहेर काढलं डोकं तेव्हा टीव्हीवर डुकरांच्या खाद्याची जाहिरात. आर्डिस हुंदके देतेय, "काय हसला गं, काय हसला!" आणि आमचा ओरविल, जो दिवसाला सहा शब्द बोलतो, तो म्हणतो, "त्यांनी त्याला खांद्यावर घेतलं व्हर्ला, लाथमाऱ्याला नाही, गेलनला, आणि तो हसत होता, सगळे दात दिसत होते, अगं, किती वेळ दाखवत होते!" म्हटलं, मग मला सांगायचं नाही? "ओरडत होतो! तू ऐकतेस कुठं!"

रात्री फोन. "आई, आज तरी बघितलंस ना?"

म्हटलं, "बघितलं रे राजा. अगदी डोळे भरून."

काय करणार सांगा! शनिवारी चर्चमध्ये पापांची कबुली द्यायला गेले. जाळीपलीकडे फादर एमिल. म्हटलं, फादर, लेकाशी दोनदा खोटं बोलले. एकदा दिसलं ते दिसलं नाही म्हणाले, आणि एकदा दिसलं नाही ते दिसलं म्हणाले. फादर म्हणाले, "दोन्ही माफ." आणि जाळीला तोंड लावून हळूच, "पण व्हर्ला, हसला काय गं पोरगा!"

म्हणजे यांनीसुद्धा बघितलं! आर्डिसनं बघितलं, ओरविलनं बघितलं, माझ्या मुलाला पुढून न ओळखलेल्या त्या कसायानंही बघितलं असेल. सगळ्या अमेरिकेला दिसलं हो माझ्या गेलनचं तोंड, आणि मी मेली, एप्रनची शिवण बघत बसले होते!