कमी दमाची शिट्टी

रानहंसांच्या शिकारीचा मोसम शनिवारी सुरू होणार होता, त्यामुळे चेस्टरटाउनच्या शिकारीच्या सामानाच्या दुकानात रांग होती. माझ्यापुढे एक म्हातारं जोडपं होतं. त्याच्या नाकात ऑक्सिजनची नळी होती, नळकांड्याची गाडी तिच्या हातात. दुकानदाराने काउंटरवर हंसांना बोलवायच्या शिट्ट्या मांडल्या होत्या.

"काका, ही लाकडी बघा. हिला दम कमी लागतो."

"गेल्या वर्षी आखूड पत्तीची, जास्त दमाची वाजवत होतो मी. नदीपलीकडचा थवा वळवून आणायचो."

"आणि घरातली माणसं पळवून लावायचास. वाजव, एलवुड."

"ही वाजतच नाही. आतली पत्ती चिकटली असणार."

"मघाशी वाजवून पाहिलेल्या दोन्हींचीही चिकटली होती?"

"तुला यातलं काय कळतं, नॉर्मा?"

"पत्ती नवी आहे, काका. जरा पोटातून फुंका."

"पोटातूनच फुंकतोय रे."

"आण इकडे."

नॉर्माने फुंकली. दुकानभर माना वळल्या.

"पत्ती ठीक आहे, एलवुड."

"ऐकलं मी."

"घरी जाऊ या का?"

"नको. ही तूच घे. शनिवारी शिकारीला लपायच्या खड्ड्यात माझ्याशेजारी बस. तू हंस बोलव, बंदूक मी चालवतो."

"काल काढली होतीस ना बंदूक?"

"काढली होती."

"खांद्यापर्यंत गेली?"

"तू बघत होतीस?"

"खिडकीतून. गेली का, एलवुड?"

"अरे पोरा, मागच्या गिऱ्हाइकांचं घे तू. उगाच खोळंबलेत बिचारे."