नखातली रेघ

बायको: हळू बोला. पडद्याआड छोटी झोपलीय, आत्ता कुठे डोळा लागलाय.

नवरा: हळूच बोलतोय. सकाळपासून भुंगा तू लावलायस.

बायको: भुंगा काय त्यात? एवढंच विचारलं, सोमवारी जायचं की नाही.

नवरा: आणि परवाचं ऑपरेशन?

बायको: पुढे ढकला म्हणून सांगायचं.

नवरा: सांगायचं कुणी?

बायको: तुम्ही.

नवरा: वा! म्हणजे डॉक्टरांना मी सांगू, तुमच्यावर आमचा भरवसा नाही, आम्ही मोठ्या शहरात दुसऱ्याला दाखवून येतो, तोवर तुमची कात्री म्यान करा. ज्या माणसानं माझ्या बापाचं हर्नियाचं ऑपरेशन केलं आणि फीचं नाव काढू दिलं नाही, त्याला?

बायको: त्यांचे उपकार मी नाकारत नाहीये. पण हा मेलानोमा आहे हो. कॅन्सर आहे.

नवरा: हळू! सलूनचं शटर अर्धं उघडं आहे.

बायको: मग काय झालं?

नवरा: काय झालं? उद्या या खुर्चीत कोण बसेल?

बायको: लागण होत नाही त्याची.

नवरा: ते तुला ठाऊक, मला ठाऊक. गिऱ्हाइकाला कोण समजावणार? काल तो शाळामास्तर अंगठ्याची पट्टी बघून म्हणाला, "काय हो, दारात सापडला का?" म्हटलं, हो, दारात सापडला. मग तो घरी जाईपर्यंत दारांच्या गोष्टी सांगत बसला.

बायको: हसवू नका मला.

नवरा: मी तरी कुठे हसतोय. अंगठा बुडापासून काढायचाय म्हणालेत. कात्री चालते ती याच्यावर. मला काय हौस आलीय?

बायको: तेच तर म्हणतेय मी! मोठ्या हॉस्पिटलच्या त्या विभागात दुसरं काही करतच नाहीत, कातडीचा कॅन्सर आणि कातडीचा कॅन्सर. आपले डॉक्टर चांगले आहेत, पण हर्निया, मूळव्याध, अपेंडिक्स, सगळं एका हातानं. नखाखालचं हे असलं त्यांनी किती वेळा पाहिलं असणार?

नवरा: ते मी विचारू त्यांना?

बायको: तिथं कदाचित वरचं पेरच काढतील. कदाचित नाहीही. पण आधी बघतील तरी. आणि काखेतल्या गाठी...

नवरा: आता काखेत काय काढलंस?

बायको: काही नाही काढलं. हे पसरायला लागलं की आधी काखेतल्या गाठीत जातं म्हणे. ती तपासणी अंगठ्याच्या ऑपरेशनबरोबरच करायची असते. आधी अंगठा काढून मोकळे झालो की मग ती धड होत नाही. तिथल्या फोनवरच्या बाई म्हणाल्या, "आम्ही बघेपर्यंत कोणालाही कापू देऊ नका." दोनदा म्हणाल्या. आपल्या डॉक्टरांनी काखेचा शब्द तरी काढला?

नवरा: काढला असेल. माझं लक्ष नव्हतं.

बायको: माझं होतं.

नवरा: हो, तुझं लक्ष असतं सगळीकडे.

बायको: बोला ना. बोलून टाका एकदा.

नवरा: काय बोलू?

बायको: रेघेचं. मनात तेच आहे तुमच्या.

नवरा: मी एका शब्दानं काही म्हणालो का?

बायको: म्हणत नाही, त्याचाच तर त्रास होतो. त्या पडद्यामागे दिवसभर बायकांची नखं हातात घेऊन बसते मी. कुणाचं नख पिवळं पडलं, कुणाचं सुटायला आलं, बघताक्षणी सांगते. आणि नवऱ्याच्या नखात काळी रेघ, तर मी काय म्हणाले? केसांचा रंग मुरलाय, हातमोजे घालत जा.

नवरा: मलाही तेच वाटलं. रंग कालवणारा मीच की.

बायको: तुम्हाला वाटू दे. डाग नखाबरोबर पुढे सरकतो, हे मी नव्या मुलींना पहिल्याच दिवशी शिकवते. ही रेघ बुडातून हलली नाही. उलट रुंद झाली. आणि मी? मांडीवर तुमचा हात घेऊन रिमूव्हरनं घासत बसले. वर म्हणाले, कसला चिवट रंग आणलाय यावेळी, दुकानदाराला सांगा.

नवरा: पुरे गं.

बायको: म्हणून म्हणते, माझी लाज वापरून संपलीय. तुमची अजून शिल्लक असेल तर ठेवा जपून.

नवरा: बरं, जायचं म्हटलं तरी त्यांना रिपोर्ट पुरत नाही म्हणालीस. स्लाइड पाहिजेत, आणि तो काय तो, मेणातला तुकडा...

बायको: ब्लॉक. तुमच्या नखाखालचा काढलेला तुकडा मेणात बसवून ठेवलेला असतो. ते स्वतः पुन्हा तपासणार.

नवरा: तो आहे डॉक्टरांच्या लॅबमध्ये. म्हणजे मागायला जायचं त्यांच्याच दारात. मला नाही जमायचं. तोंड कसं दाखवू?

बायको: ते बघू.

नवरा: बघू म्हणजे काय?

बायको: बघू म्हणजे बघू. शटर कोण वर करतंय बघा.

डॉक्टर: उस्ताद! जेवायची सुट्टी आहे का? जरा वाकूनच आलो आत. संध्याकाळी एका समारंभात व्यासपीठावर बसवणार आहेत मला, आणि मागून माझी मान अस्वलासारखी दिसते, असं आमच्या घरातलं मत आहे.

नवरा: या, या, डॉक्टरसाहेब. तुम्हाला कसली सुट्टी! बसा.

डॉक्टर: पण हात? पट्टी असताना कशाला? त्रास होत असेल तर राहू दे.

नवरा: जमतं. मशीन चालतं, कात्री जरा दमानं.

बायको: हळू बोलाल का डॉक्टर, छोटी झोपलीय.

डॉक्टर: अरे, माफ करा. माझा आवाज म्हणजे... बरं, परवा सकाळी उपाशीपोटी यायचं, लक्षात आहे ना? पाणीसुद्धा नाही. मी पहिलाच नंबर तुमचा ठेवलाय.

नवरा: आहे लक्षात.

डॉक्टर: आणि वहिनी, तुमचं विम्याचं झालं का काम?

नवरा: कसला विमा?

डॉक्टर: अहो, वहिनी आमच्या लॅबमधून स्लाइड घेऊन गेल्या ना. विमा कंपनीला बघायच्यात म्हणून. ब्लॉकही मागत होत्या. त्याला माझी सही लागते, म्हणून लॅबवाल्यानं अडवून ठेवलाय. मी म्हटलं, कमाल आहे, विम्यावाले कधीपासून सूक्ष्मदर्शक घेऊन बसायला लागले!

नवरा: विमा नाही आपला.

डॉक्टर: काय?

नवरा: आम्ही विमा काढलेलाच नाही कधी. काय गं?

बायको: हळू. उठेल ती.

नवरा: उठू दे! तू खोटं सांगून...

बायको: हो. सांगितलं खोटं. स्लाइड माझ्या खणात आहेत, नेलपॉलिशच्या डब्यामागे.

डॉक्टर: कुठे निघालाय तुम्ही लोक?

बायको: मोठ्या हॉस्पिटलमध्ये. त्वचेच्या कॅन्सरचा वेगळा विभाग आहे तिथं. सोमवारची वेळ मिळालीय.

नवरा: डॉक्टर, तुम्ही मनावर घेऊ नका. ही घाबरलीय. तान्ही पोर पदरात, झोप नाही. परवा मी येतो. ठरल्याप्रमाणे.

बायको: येणार नाहीत ते.

नवरा: तू गप्प बस.

डॉक्टर: ते कापड सोडा, उस्ताद. निघतो मी.

नवरा: असे कसे निघता? एकच बाजू झालीय.

डॉक्टर: राहू दे.

नवरा: तसं नाही चालायचं साहेब. भांडण असो, वीज जावो, माझ्या बापानं अर्धं डोकं या दाराबाहेर जाऊ दिलं नाही. मला काय बोलायचं ते बोला, पण बसून बोला.

(कात्री चालू लागते. थांबते. पुन्हा चालते. पडद्यामागे बाळ कुरकुरतं आणि गप्प होतं.)

डॉक्टर: तुम्ही मला विचारायला हवं होतं, वहिनी. सरळ.

बायको: विचारलं असतं तर काय म्हणाला असतात?

डॉक्टर: म्हणालो असतो... गरज नाही म्हणालो असतो.

बायको: म्हणून नाही विचारलं. पण खोटं बोलले ते चुकलंच माझं. तुमच्या लॅबवाल्यानं उठून खुर्ची दिली मला, पाणी दिलं. डॉक्टरांच्या घरची माणसं म्हणाला. येताना रस्ताभर वाटत होतं, कोणीतरी मागून हाक मारेल. पाया पडून माफी मागते हवं तर. स्लाइड मात्र परत देणार नाही.

नवरा: अगं, काय बोलतेस!

बायको: डॉक्टर, एकच सांगा मला. काखेतल्या गाठीची तपासणी परवा करणार होतात का?

नवरा: मान जरा डावीकडे घ्या.

डॉक्टर: त्याची सोय नाही आमच्याकडे.

बायको: मग असं का नाही सांगितलं, की जिथं आहे तिथं जा?

डॉक्टर: सांगायला हवं होतं.

बायको: आम्ही तुम्हाला नको म्हणायला लाजतोय, रात्रंदिवस कुढतोय. तुम्हाला कशाची अडचण होती?

डॉक्टर: उस्ताद, त्या आरशातून माझ्याकडे बघू नका जरा.

नवरा: नाही बघत.

डॉक्टर: पहिल्यांदा तुम्ही अंगठा दाखवलात तो याच खुर्चीत. आठवतंय? मी फोनवर बोलत होतो. बोलता बोलता नख बघितलं आणि बुरशी म्हणालो. मलम सांगितलं. पुढच्या वेळी पुन्हा तेच मलम. नख उचलायला लागलं तेव्हा कुठे तुकडा काढला. रिपोर्ट आला त्या दिवशी मी केबिनचं दार लावून बसलो होतो. वाटलं, आता मीच निस्तरतो. पटकन काढून टाकतो. घरातल्या घरात राहील.

बायको: घरातल्या घरात?

डॉक्टर: त्या मोठ्या हॉस्पिटलात माझ्या वर्गातले लोक आहेत, वहिनी. फाइल उघडली की पहिल्या पानावर माझं मलम.

बायको: यांचा अंगठा जाणार होता, डॉक्टर.

डॉक्टर: हो.

बायको: नुसता अंगठा गेला असता तरी चाललं असतं मला. काखेतलं मागे राहिलं असतं तर? ही पोर पाळण्यात आहे माझी.

नवरा: असू दे आता. तू रिमूव्हर लावलंस, त्यांनी मलम लावलं, मी दोघांसमोर अंगठा धरून बसलो. कोण कोणाला बोलणार?

डॉक्टर: तुम्ही तरी चिडा हो माझ्यावर.

नवरा: चिडेन. आत्ता नाही. वस्तरा आहे हातात.

डॉक्टर: ब्लॉक आज संध्याकाळी पाठवतो.

बायको: पाठवू नका. मी येऊन घेते. तुमच्या त्या लॅबवाल्याला खरं सांगायचंय मला.

डॉक्टर: बरं. परवाचं ऑपरेशन मी रद्द करतो. आणि तिथल्या मुख्य सर्जनला आजच फोन करतो. सोमवारच्या आधी घेता येतं का बघायला सांगतो.

नवरा: पण फोनवर त्यांनी विचारलं, इतका उशीर का केला, तर? मला त्याचीच धडकी भरलीय, खरं सांगू का. कॅन्सरची नंतर. ते मोठे डॉक्टर चष्म्यावरून बघणार आणि म्हणणार, इतके दिवस काय करत होता? काय सांगायचं मी?

डॉक्टर: तुम्हाला सांगायची वेळ येणार नाही. फोनवर मीच सांगतो. आधी तेच सांगतो, मग बाकीचं.

बायको: आणि माझ्या वाट्याचं मी सांगेन. केसांचा रंग समजले म्हणून.

नवरा: म्हणजे आपण तिघं वरातच काढणार का तिथं?

बायको: अहो!

नवरा: झालं, साहेब. मान साफ. मागून आता माणूस दिसताय.

डॉक्टर: दिसतोय का?

नवरा: थांबा, पावडर राहिलीय. हां. आता जा.

डॉक्टर: बरोबर येऊ का मी सोमवारी? तुम्हाला चालणार असेल तर. नको असेल तर नको म्हणा, या वेळी सरळ म्हणा.

नवरा: तू सांग.

बायको: या. पण बाहेर बसा. आत आम्ही दोघंच जाऊ.

डॉक्टर: बाहेर बसतो.

नवरा: आणि डॉक्टर, यापुढेही केस कापायला येत जा. आता तोंड कसं दाखवू म्हणून दुसरीकडे जाऊ नका. अंगठा राहिला तर राहिला. नाही राहिला, तर डाव्या हातानं शिकेन म्हणतो. पहिल्या पहिल्यांदा वाकडं-तिकडं होईल, वेळही लागेल. बसाल ना?

डॉक्टर: बसेन.