घाटात डबी बंद

न्हाई न्हाई सायेब, खिडकीशी नका, मधी बसा — हां, असं — गिअरचा दांडा गुडघ्याला लागतो जरा, पर बसा. तिकडच्या दाराची कडी ढिली हाय, वळनावर उघडतं दार. तुमची गाडी नीट आडकवलीय, पुढची दोनी चाकं वर हायत, मागं वळून बघायची गरज न्हाई. इंजिन गरम होऊन बंद पडलं म्हनल्यावर दुसरं काय करनार, वढूनच न्यावं लागतं. ह्यो मांजरसुंब्याचा घाट तेवढा चढला की आलंच तुमचं गॅरेज. मी मकसूद. घर गेवराईला, पर क्रेन बीडच्या बायपासला उभी करतो. क्रेन आमची घरचीच — म्हंजी माझी आन माझ्या भावजयीची, शाईस्ताची.

ते बटन? त्याला हात नका लावू. न्हाई, एसीचं न्हाई, एसी कुठला आलाय ह्या गाडीत. डबीचं बटन हाय ते. डबी बॉनेटखाली हाय, काड्यापेटीपेक्षा जरा मोठी. डिझेलच्या पाइपात दाब किती हाय ते सांगनारा एक सेन्सर असतो, त्याच्या वायरीत ती बसवायची. मंग ती इंजिनाला खोटं सांगती — दाब कमी हाय, दाब कमी हाय — आन इंजिन बिचारं खरं मानून जास्त जोर लावतं. एकवर ठिवली की रिकाम्या गाडीला डिझेल वाचतं, तीनवर ठिवली की भरलेला टेम्पो वढायचा असू द्या, चढाला गाडी गुरगुरत बी न्हाई. माझ्या धाकट्या भावानं बसवली, फैजाननं. त्याला लई नाद असल्या गोष्टींचा. बसवली त्या दिवशी ह्याच घाटात मला शेजारी बसवून वर नेलं आन हसायला लागला. म्हनला, भाई, आता इंजिनाला कळतच न्हाई मागं काय बांधलंय.

मंग चालू कावून करत न्हाई — तुमीच न्हाई, सगळेच विचारतेत. मागनं हॉर्न बी मारतेत. मारू द्या. घाटात मी डबी बंद ठिवतो. पोचू की, उन्हं कलायच्या आत पोचू.

आता तुमी हसताल. पर ऐका. मला ह्या धंद्यात भारतनानानं आनलं, सिरसाळ्याचा मानूस, हाडानं दांडगा आन जिभेनं त्याहून. अपघाताची गाडी असली, आन तिच्यात कुनी गेलेलं असलं, तर नाना हुक लावायच्या आधी टपावर थाप मारायचा आन म्हनायचा, उतरा बाबा, गाडी चालली. कंडक्टर म्हनतो ना, तसंच. मंगच वढायचा. कारन, म्हनायचा, मानसाला ठावं नसतं आपन मेलोय. बसून ऱ्हातंय बिचारं, आन मंग आपल्यासंगं फिरतंय. मी मशिदीत मौलानांना विचारलं एकदा. ते म्हनले, असं काय नसतं, रूह तवाच जाती. मला पटतं ते. पटतं, पर हात आपोआप टपावर जातो. आन एक सांगू का — कुनी बसून ऱ्हायलं तर नानाला चढावर कळायचं. हलकी गाडी असायची, आन इंजिन मधीच दम टाकायचं, खालचा गिअर मागायचं. नाना ब्रेक मारायचा, मागं जाऊन पुन्यांदा थाप मारायचा — आरं उतर की बाबा, घरचे वाट बघत असतेल. आन मंग गाडी हलकी व्हायची. हे मी ह्या पायानं अनुभवलंय सायेब, ॲक्सिलेटरवर ठिवलेल्या. सपाटीला काय कळत न्हाई. चढावरच कळतं.

फैजान? न्हाई, तो आता येत न्हाई क्रेनवर. म्हंजी — गेला तो. मागच्या रमजानच्या आधी. गेवराईच्या बायपासला, वाळूच्या हायवा डंपरनं. स्वताची पिकप घेऊन घरीच चाललाता, भाजी घेतलीती शाईस्तानं सांगितलेली, मेथी सांडलीती सगळ्या केबिनात. जीव जाग्यावरच गेलाता, त्याला आधीच दवाखान्यात नेलंतं. पिकप रस्त्यात आडवी, पोलिसांची घाई, आन क्रेन कुनाची — तर माझीच. दुसऱ्या कुनाला हात लावू दिला नसता मी. किती जनांच्या टपावर थाप मारली असंल म्या, मोजदाद न्हाई. त्याच्या टपावर हात ठिवला आन तसाच ठिवला. सख्ख्या भावाला उतर कसं म्हनावं? भर रस्त्यात, असल्या उन्हात, उतर म्हनून कुठं जानार तो? म्हनलं, चल. बस. आन हुक लावला.

क्रेनची डबी तीनवर होती. त्यानंच ठिवलीती सकाळी. पिकप अशी वढली गेली, जशी मागं काय न्हाईच. तो हाय का न्हाई, काय कळलं न्हाई मला.

त्याचं चाळिसावं झालं, मंग एकदा रिकामाच चाललोतो ह्या घाटानं चौसाळ्याला, आन डबी बंद केली. उगं, त्याची आठवन आली म्हनून. पुढच्या वळनावर, ते दगडी कठडा दिसतोय ना, तिथं गाडीनं दम टाकला. रिकाम्या गाडीनं, सायेब. दुसरा गिअर मागितला. परमेश्वर मेस्त्रीला दाखवली — क्लच बघितला, ब्रेक बघितले, फिल्टर बदलला. म्हनला, मकसूदभाई, गाडीत खोट न्हाई, तुमी जरा झोपत जावा. मी उलट खूश झालो. तवापासनं ह्या घाटाचं भाडं कुनी घेवो न घेवो, मी घेतो. डबी बंद करून चढतो, गाडी तिथं दम टाकती, आन मला बरं वाटतं. हाय म्हनलं. बसलाय.

कडी ढिली न्हाई, सायेब. कडी चांगली हाय. ती जागा त्याची हाय.

उद्या ही क्रेन पुन्याला चाललीय. शाईस्तानं ठरवलंय, आन तिचं चुकत न्हाई, तिचं घर चालतं ह्याच्यावर, आन मी असा रांगत चढतो म्हनून भाडी दुसऱ्या क्रेनवाल्याला जातेत. डबी काढून आता तिचं सगळं काम आतच भरून देनार हायत, इंजिनाच्या मेंदूत. कायमचं. बटन ऱ्हानार न्हाई. मंग कसल्या बी चढाला ही दम टाकनार न्हाई. तो बसलेला असंल इथंच, मेथी घेऊन घरची वाट बघत, आन मला कळनार बी न्हाई. कुनालाच कळनार न्हाई. त्या पोराला असं कोंडून ठिवायचं का मी? तुमी सांगा. — न्हाई, नका सांगू. मला ठावं हाय.

आला कठडा. तुमची गाडी केवढी हलकी, तिला तिसरा गिअर लई झाला. ऐका आता. ऐका... बघा. बघा कसा आवाज पडला. मागितला तिनं. दुसरा मागितला.

घेतो बाजूला. हँडब्रेक लावलाय, चाकाला दगड लावतो, भिऊ नका. दार मी बाहेरनं उघडतो तिकडचं. त्याच्यासंगं मी मराठीत कवा बोललोच न्हाई, म्हनून —

फैजान. उतर रे. उतर, बेटा. गाडी चली.

तुमी न्हाई, सायेब. तुमी कुठं उठलात. तुमी बसा.

...

निघालो. अजून एक चढ हाय पुढं, शेवटचा. डबी बंदच हाय, बघितलं ना तुमी? तिसऱ्यात हाय मी. तिसराच. दुसरा मागंना ती.

सरका, सायेब. खिडकीशी सरका. तिथं वारं लागतं.