मी पडद्याआड होते

माझ्या मुलीचा बारावीचा निकाल सकाळी अकराला लागला आणि दुपारी दोनला सौदीतल्या दम्मामहून फोन आला की माझा नवरा वारला.

तहसीन, माझी मुलगी, सायबर कॅफेतून निकालाचा कागद घेऊन आली होती, तो कागद टेबलावर होता, मी भात वाढत होते, आणि फोन माझ्या दिराने, मुश्ताकने घेतला. तो फक्त हां, हां म्हणत राहिला. नंतर त्याने फोन ठेवला आणि तहसीनच्या डोक्यावर हात ठेवला, तेव्हा मला कळलं. दफन तिकडेच झालं. निकालाबद्दल त्यानंतर आठ-दहा दिवस घरात कोणी बोललं नाही, तो कागदही कोणी उचलला की काय ते मला आठवत नाही, काय सांगू तुम्हाला, त्या दिवसांतलं मला बरंचसं आठवत नाही आणि जे आठवतं ते फारच आठवतं.

तशी मी मूळची उरणकडची, मोऱ्याची. वडील बंदरावर लाँचच्या तिकीट खिडकीवर होते. मुंबईहून येणारे लोक लाँचमध्ये पुस्तकं विसरायचे, कोणी मासिक, कोणी कादंबरी, आणि महिनाभर कोणी विचारायला आलं नाही की वडील ते पुस्तक घरी आणायचे. आमच्या घरात पुस्तकं अशी आली, समुद्रावरून. मराठी शाळेत मी बारावीपर्यंत शिकले, पुढे लग्न झालं, पनवेलला मोहल्ल्यात आले. नवरा इलेक्ट्रिशियन, लग्नानंतर दुसऱ्याच वर्षी सौदीला गेला आणि दोन वर्षांतून एकदा यायचा. माणूस चांगला होता. फोनवर पहिला प्रश्न तहसीनच्या अभ्यासाचा, माझ्या तब्येतीचा नंतर. मी त्याला चिडवायचे, म्हणायचे, तुम्हाला बायकोपेक्षा भूमिती जास्त आवडते, आणि तो म्हणायचा, भूमिती उलट बोलत नाही.

तहसीनला गणित यायचं म्हणजे कसं यायचं हे मला सांगता येणार नाही, कारण मला गणित येत नाही. तिला बारावीला गणितात पूर्ण मार्क होते. तिच्या कॉलेजच्या मॅडम आमच्याकडे दुःखाला भेटायला आल्या, बसल्या, आणि जाताना पर्समधून एक फॉर्म काढून त्यांनी तहसीनच्या हातात दिला. मुंबईतला एक ट्रस्ट होता, तो गुणवत्तेवर शिष्यवृत्ती द्यायचा, त्याच वर्षी बारावी होऊन पदवीच्या पहिल्या वर्षाला जाणाऱ्यांना, तीन वर्षांची फी आणि हॉस्टेल. मॅडम म्हणाल्या, हिला मिळालीच पाहिजे, ही मुंबईला जाऊन गणित घेऊन बीएस्सी करेल, इथे ठेवू नका हिला. मी मान हलवली. नवऱ्याच्या मागे आमच्याकडे दुसरा रस्ताच नव्हता, कंपनीकडून काय येणार आणि कधी येणार हे कोणालाच माहीत नव्हतं, आणि मुश्ताक टेम्पो चालवायचा, त्याची स्वतःची तीन मुलं.

पण एक सांगते, मुश्ताकने खूप केलं. लोक त्याला नावं ठेवतात, मी नाही ठेवत. तहसील कचेरीत उत्पन्नाचा दाखला, डोमिसाइल, नवऱ्याच्या मृत्यूचे तिकडचे कागद आणि त्यांचं भाषांतर, सगळं त्याने टेम्पोचे फेरे बुडवून केलं. तहसीनला म्हणायचा, तू मोठी प्रोफेसर झालीस की चाचाला फुकट शिकवणी दे, मला अजून साताचा पाढा येत नाही. ती हसायची. त्या घरात तेव्हा तिला हसवणारा तो एकटाच होता.

मी इद्दतमध्ये होते. तुम्हाला माहीत असेल, नवरा गेला की बाईने चार महिने दहा दिवस घरात राहायचं, नटायचं नाही, परक्या पुरुषासमोर यायचं नाही. मला ते कोणी जबरदस्तीने करायला लावलं नाही. मीच केलं. त्याला मी शेवटचं पाहिलंसुद्धा नव्हतं, माती द्यायला आपलं कोणी नव्हतं, मला वाटायचं की माझ्याकडून त्याच्यासाठी आता एवढंच होणार आहे, तर तेवढं तरी नीट होऊ दे. आतल्या खोलीत बसायचे. पुस्तक हातात असायचं, पान उलटायचं नाही.

ट्रस्टची रीत अशी होती की मार्क बघून नावं काढायची आणि मग त्यांचा माणूस घरी यायचा. फॉर्मवर स्पष्ट लिहिलं होतं की पालकांशी समक्ष बोलणं होईल. तहसीनने ते मला दोनदा वाचून दाखवलं. म्हणाली, अम्मी, तू बोलशील ना. मी म्हटलं, बघू. मुश्ताक म्हणाला, भाभी कशाला बोलतील, मी आहे ना. आणि मग आवाज बारीक करून मला म्हणाला, त्यांना इद्दत वगैरे काही सांगायला नको, ती शिकलेली माणसं, ते म्हणतील ह्यांच्याकडे बायकांना कोंडून ठेवतात, मग पोरीला कुठे मुंबईला पाठवणार हे, आणि नावच उडवतील तिचं. मला ते पटलं. हेच मला तुम्हाला सांगायचं आहे की मला ते पटलं. आम्हाला भीती होती ती गरीब दिसण्याची नव्हती, मागासलेले दिसण्याची होती.

ट्रस्टचे गृहस्थ आले तेव्हा दुपारचे चार वाजले असतील. वयस्कर होते, चप्पल दाराबाहेर काढून आत आले. बाहेरच्या खोलीत ते, मुश्ताक आणि तहसीन, आणि आतल्या खोलीत मी, मधे पडदा. पडदा पातळ होता, उन्हाची बाजू त्यांची होती, त्यामुळे मला ते दिसत होते आणि त्यांना मी दिसत नव्हते.

त्यांनी तहसीनला विचारलं, गणित शिकून काय करणार. ती म्हणाली, ते शिकल्यावर कळेल. ते हसले, म्हणाले, हे बरोबर उत्तर आहे. मुश्ताकला जोर आला. म्हणाला, साहेब, आमच्या भाभीला पुस्तकांचं वेड, हिला आकड्यांचं, ह्या घरात जेवायला मिळतं हीच मेहेरबानी. सगळं छान चाललं होतं. मी आत चहा गाळत होते आणि पहिल्यांदा मला वाटलं की होईल, हे होईल.

मग त्यांनी विचारलं, आमच्या शिष्यवृत्तीवरच्या दोन मुली गेल्या वर्षी शिक्षण मधेच सोडून गेल्या, घरच्यांनी लग्नं लावली, तर ह्या मुलीचं तसं होणार नाही ना. आणि मुश्ताक हसत म्हणाला, आम्हाला काही घाई नाही साहेब, पण चांगलं स्थळ दारात आलं तर कोण सोडतं, तुम्ही सोडाल का. त्याचा तो स्वभावच, समोरच्याला सोबत घेऊन हसायचा. ते हसले नाहीत. म्हणाले, म्हणून मला आईशी बोलायचं आहे, आई कुठे आहेत. मुश्ताक म्हणाला, त्या बाहेर गेल्यात, उरणला, माहेरी.

तहसीनने पडद्याकडे पाहिलं.

ती मला बघू शकत नव्हती, पण मी कुठे उभी आहे हे तिला माहीत होतं. तिने पाहिलं आणि नजर काढली नाही. किती वेळ, मला सांगता येणार नाही. मी एवढंच म्हणायचं होतं की मी घरात आहे, मी इद्दतमध्ये आहे, मी हिला शिकवणार आहे. पडद्याआडूनच म्हणायचं होतं, बाहेरसुद्धा यायचं नव्हतं. शब्द माझ्या तोंडात होते. पण मी बोलले असते तर मुश्ताक खोटा पडला असता, परक्या माणसासमोर, स्वतःच्या पुतणीसमोर, ज्याने आमच्यासाठी महिनाभर कचेऱ्यांचे उंबरे झिजवले तो. मी वळले आणि कप ट्रेमध्ये मांडले.

आणि चहा झाला होता. आमच्याकडे पद्धत अशी की पाहुणे असले की बाईने पडद्याआडून बांगड्या वाजवायच्या, मग मुलगी किंवा मुलगा येऊन ट्रे घेऊन जातो. माझ्या हातात बांगड्या नव्हत्या. मी सवयीने हात हलवला, आवाज झाला नाही, तहसीन मान खाली घालून बसली होती, तिला कळलं नाही. चहा निवायला लागला. मी ट्रे धरून पडद्याच्या कडेतून हात पुढे केला आणि तसाच धरून ठेवला. त्या गृहस्थांनी हात पाहिला. माझ्या नुसत्या हाताकडे ते बघत राहिले, मग तहसीन उठली आणि तिने ट्रे घेतला. त्यांनी चहा प्यायला, छान झालाय म्हणाले, कपाची बशी नीट ठेवली, नमस्कार केला आणि गेले.

पत्र तीन आठवड्यांनी आलं. गृहभेटीत दिलेली माहिती वस्तुस्थितीशी जुळत नसल्याने अर्ज विचारात घेता येत नाही. तहसीनने ते उभ्याने वाचलं, मला दिलं आणि भांडी घासायला गेली. मार्कांवर तिला मुंबईच्या कॉलेजात मिळालेली जागा फी न भरल्यामुळे त्याच आठवड्यात गेली. मुश्ताक दोन दिवस आमच्याकडे आला नाही, तिसऱ्या दिवशी आला आणि दारातच उभं राहून म्हणाला, भाभी, मी घराची इज्जत राखायला गेलो. मी म्हटलं, बस, चहा घे. दुसरं काय म्हणणार. त्याने खोटं सांगितलं हे खरं, पण खरं माहीत असलेली मी चार पावलांवर उभी होते.

नंतर मी त्यालाच मौलानांकडे विचारायला पाठवलं. ते म्हणाले, गरजेसाठी पडद्याआडून बोलायला कोणी मना केलं होतं, अशा कामासाठी तर दिवसाउजेडी त्या घराबाहेरसुद्धा पडल्या असत्या तरी चाललं असतं, आधी का नाही विचारलंत. विचारायचं आम्हाला सुचलंच नाही. मशीद आमच्या घरापासून एका गल्लीवर आहे.

चार महिने दहा दिवस पूर्ण झाले त्याच्या दुसऱ्या दिवशी मी एसटीने मुंबईला गेले, पत्ता विचारत ट्रस्टच्या कचेरीत पोचले. तेच गृहस्थ होते. मी म्हटलं, मी तहसीनची आई, पनवेलची. त्यांनी खुर्ची दिली, पाणी दिलं. मी सगळं सांगितलं, जसं तुम्हाला सांगतेय तसंच, काही लपवलं नाही. ते म्हणाले, बाई, मी तुमचा हात पाहिला होता, बांगड्या नसलेला. मला वाटलं तुम्ही घरात असून समोर येत नाही म्हणजे मुलीला पाठवायला तुमचीच तयारी नाही. मुलगी सारखी तुमच्या बाजूला बघत होती, मला वाटलं ती तुम्हाला घाबरतेय. तुम्ही इद्दत एवढा शब्द बोलला असता तर मी दाराबाहेर उभा राहून विचारलं असतं, भिवंडीला मी तसं केलेलं आहे.

मी विचारलं, पुढच्या वर्षी अर्ज चालेल का, ती एक वर्ष थांबेल. ते म्हणाले, त्याच वर्षी बारावी झालेल्यांनाच देतो आम्ही, आणि यादी पूर्ण झाली. मी हात जोडले. त्यांनीही जोडले. ते मला खाली रस्त्यापर्यंत सोडायला आले, माझ्यासाठी बसला हात केला. वाईट माणूस असता तर बरं झालं असतं.

घरी येऊन मी तहसीनला सांगितलं की ते काय म्हणाले. सांगायला नको होतं की सांगायला हवं होतं, मला अजून ठरवता आलेलं नाही. ती म्हणाली, मी घाबरत नव्हते, मी वाट बघत होते. एवढंच. त्यावर ती पुन्हा कधी बोलली नाही. मी म्हटलं, येत्या जूनला इथल्या कॉलेजात नाव घाल, कॉमर्सला जागा मिळेल, पुढे बघू. ती म्हणाली, पुढे काय बघायचं. मॅडम दोनदा येऊन गेल्या, ती त्यांच्यासमोर आली नाही, आतल्या खोलीत बसून राहिली. मीच त्यांना चहा दिला.

ह्याला आता दहा वर्षं होऊन गेली. मी वाचनालयात पुस्तकं देण्याघेण्याच्या टेबलावर असते, तुम्ही मला तिथेच पाहता. जूनमध्ये मुलं बारावी होऊन येतात, पुस्तकं मागतात, कोणी मार्क सांगतं, मी शाब्बास म्हणते आणि कार्डावर शिक्का मारते. तहसीन जासईला कंटेनरच्या यार्डात ऑफिसात आहे, कंटेनरचे नंबर कॉम्प्युटरवर चढवते. तिची चूक कधी निघत नाही असं तिचे साहेब मुश्ताकला म्हणाले. स्थळं आली, तिने नको म्हटलं, मी आग्रह केला नाही.

ती माझ्याशी नीट वागते. मला ताप आला तर सुट्टी घेते, औषध वेळेवर देते. अल्लाहने तिला सुखी ठेवावं, कसं ते मला सुचत नाही, त्याला सुचावं. तिने मला माफ केलं का हे मी विचारलेलं नाही आणि तिने सांगितलेलं नाही. ती अठ्ठावीस वर्षांची आहे, तिच्याकडे पदवी नाही, आणि आम्ही दोघी एका घरात राहतो.