शेकडा एकाहत्तर

— नाही नाही, खाली नका बसू काका, खुर्ची आहे ना, खुर्चीवर बसा. चपला बाहेर काढल्यात? काही गरज नव्हती, इथे कोणी काढत नाही — पण असू दे, आता काढल्यात तर असू दे. तुमची कुंगही पहिल्या दिवशी अशीच अनवाणी आत आली होती. मी म्हटलं, पोरी, हे विद्यापीठ आहे, विहार नाही. सगळे हसले. तीपण हसली. कुंग, म्हणजे कोळंबी — कुणी ठेवलं हो हे नाव? आईनं? तिला विचारलं होतं मी एकदा, तर म्हणाली, जन्मले तेव्हा वाकडी होते म्हणून. शोभतं. — अहो, गमतीनं म्हणतेय. पाणी घ्या.

कशी आहे आता? — बोलत नाही? कुणाशीच? — जेवते तरी? — हं. चार महिने झाले की. हे बघा, मी गावच्या मुखियाकडे निरोप धाडला म्हणून तुम्ही सहा तास बसमध्ये हाडं खिळखिळी करत आलात, आणि तुम्ही काय मागायला आलात तेही मला कळतंय. तिला परत घ्या. कळतंय. त्याचंच बोलू. पण आधी मला सांगा, ती इथे काय करत होती ते तुम्हाला माहीत आहे का? — ‘वाचत होती.’ बरोबर. वाचतच होती. डॉक्टरेट करायची म्हणजे आधी तेच असतं — आपल्या विषयावर आपल्याआधी कोण काय लिहून गेलं ते सगळं वाचायचं, कुणाचं कुठे जुळतं, कुठे फाटतं, ते मांडायचं. पूर्वसंशोधनाचा आढावा म्हणतात त्याला. प्रबंधाचं दुसरं प्रकरण. कंटाळवाणं काम. इतर पोरं काय करतात, दहा निबंधांचे सारांश वाचतात, शंभरांची नावं टाकतात आणि मोकळी होतात. मीसुद्धा तसंच — सगळेच तसंच करतात. पण तुमची कोळंबी! एकशे त्रेचाळीस निबंध वाचले तिनं, शब्दन् शब्द, तळटिपांसकट. विषय तुमच्या ताटातलाच — कच्च्या माशाची कोशिंबीर, त्यातून यकृतात जाणारी कीड, आणि मग वीस-तीस वर्षांनी ती कॅन्सरची गाठ. तिची आई त्यातच — हो, ठाऊक आहे मला. म्हणून तर घेतला तिनं हा विषय. मी बजावलं होतं तिला, आई गेली म्हणून कुणी संशोधन करत नसतं, रडायचं असेल तर घरी जाऊन रड.

तर या सगळ्या निबंधांत एक आकडा येतो. शेकडा एकाहत्तर. तुमच्या बाजूला शंभरातल्या एकाहत्तर माणसांच्या पोटात ती कीड. परदेशातली माणसंसुद्धा तोच आकडा लिहितात. आता हा आकडा कुठून आला असं कुणी विचारतं का? नाही विचारत. तुमच्या मुलीनं विचारलं. या निबंधात म्हटलंय, त्या निबंधातून घेतला. त्यात म्हटलंय, तिसऱ्यातून. ती आपली मागं मागं जात राहिली — वर्षभर, काका, वर्षभर! खोलीच्या भिंतीवर कागद चिकटवलेले, नावं आणि बाण, नावं आणि बाण. एकदा मी सहज डोकावले. सगळे बाण फिरून फिरून एकाच नावाकडे. रत्चनी. म्हणजे मी. छत्तीस वर्षांपूर्वीचा माझा प्रबंध. मला तर अभिमान वाटला, पाठ थोपटली मी तिची. पण ती काही खूश दिसेना. कारण त्या प्रबंधात गाव तुमचं होतं ना. पावसाळ्याचे तीन आठवडे, घरोघर फिरून, दोनशे चौदा माणसं तपासली — असं आहे त्यात. तर हिनं काय करावं? घरी फोन केला. बापाला विचारलं. आणि बाप म्हणाला, कुणी आलं नव्हतं.

काका, तुम्ही नदीवरचे माणूस. छत्तीस वर्षांपूर्वी कोण आलं, कोण नाही आलं, तुम्हाला काय आठवणार? त्या वर्षी पूर होता, रस्ता वाहून गेला होता, मी तालुक्याच्या विश्रामगृहात — म्हणजे सुरुवातीला विश्रामगृहात, मग नंतर — काय म्हणालात? मोठ्यानं बोला. तुमच्या त्या बोलीत पुटपुटलात की मला कळत नाही. — वाट बघितली? कुणी? — तुम्ही? धक्क्यावर? होडी घेऊन?

तो तुम्ही होतात?

डोक्यावर केळीचं पान धरून. हो. तीन दिवस. खिडकीतून दिसायचात मला. सकाळी उठले की आधी बघायचे, गेला का हा माणूस. जात का नाही हा माणूस? निरोप धाडला होता की मी, ताप आलाय म्हणून — नाही मिळाला? — मिळाला? आणि तरी थांबलात? कशाला? — ताप उतरला की होडी लागेल म्हणून. — अरे देवा. काय माणसं असता हो तुम्ही. त्यामुळे तर मला खिडकी लावून घ्यावी लागली, एवढ्या उकाड्यात!

ताप नव्हता. पाण्याला भिते मी. आजही भिते. पंचवीस वर्षांची मुलगी, तुमची ती एवढीशी होडी, आणि नदी म्हणजे नुसती तपकिरी भिंत चालत निघालेली. बाबांनी शेत विकून शिकवलं होतं मला — नाही, ते जाऊ दे, ते तुम्हाला कशाला. टेबलाशी बसले, सीताफळं आणून दिली होती चौकीदारानं, ती खात दोनशे चौदा अर्ज भरले. नावं मतदारयादीतून. शेजारच्या जिल्ह्यात शेकडा अडुसष्ट आले होते, मी तीन वाढवले, का तर तुमच्याकडे नदी जवळ. विचार करून वाढवले, काका, उगाच नाही! आणि सांगा बरं, चुकलं काय? खाता ना तुम्ही कच्चा मासा? मरता ना? मग एकाहत्तर काय आणि चौसष्ट काय. तुमच्या मुलीला हेच कळेना. तळघरात वाळवी लागलेले ते मूळ अर्ज तिनं उपसून काढले, आणि एक घेऊन आली माझ्यापुढे. बोट ठेवून उभी. तिच्या आईचा. नुकतीच लग्न होऊन आली असेल तेव्हा तुमच्या घरी. तिच्या नावापुढे मी लिहिलं होतं — कीड नाही. — मला काय स्वप्न पडलं होतं? कुणापुढे तरी ‘नाही’ लिहायचंच होतं, शेकडा एकोणतीस लोकांपुढे!

पाणी प्या. प्या हो.

मग तिनं ते प्रकरण लिहिलं. चाळीस पानं. बाकी सगळं उत्तम होतं — मी सांगते ना, इतका आढावा माझ्या हाताखाली कुणी लिहिला नाही. फक्त एक वाक्य. ‘या पाहणीची आठवण गावात कुणालाही नाही.’ एवढंच. मी प्रकरण परत केलं. तिनं भाषा सुधारून आणलं, वाक्य तसंच. परत केलं. अकरा वेळा, काका. माझा लाल पेन संपला पण हिचं वाक्य हलेना. सगळ्यांसमोर उभं करून मोठ्यानं वाचायला लावलं मी तिला, तुमच्या बोलीचा हेल यायचा तिच्या वाचण्यात, बाकीची पोरं खाली माना घालून हसायची. ती वाचायची. वाचून बसायची. मी पुढच्या सप्टेंबरात निवृत्त होते आहे, सत्कार ठरलाय, आणि ही एक कोळंबी — तर मग मी तिला दोन पानं दिली. म्हटलं, ही घाल मधे, मी लिहिलीत, तुझ्या प्रकरणाला वजन येईल. तिनं घातली. बाईंनी दिली म्हणजे — म्हणजे वाचायला दिली होती मी. वाचायला! दुसऱ्या कुणाची होती ती पानं, तिनं तपासायला नको? एकशे त्रेचाळीस निबंध तपासणारी मुलगी, आणि बाईंची दोन पानं नाही तपासली. समितीपुढे ते चोरी म्हणून उघड झालं. नियम म्हणजे नियम, नाव कमी झालं.

ती बोलली का नाही, हेच ना? अख्खा तास हात जोडून उभी होती, तोंड उघडलं नाही. मला वाटलं होतं बोलेल. आदल्या दिवशी मी तिला समजावलं होतं — हा आकडा पडला तर तुमच्या गावचं आरोग्य केंद्र पडेल, याच आकड्यावर मंजूर झालंय ते. बापाचं पोट दर वर्षी मशीन लावून कोण बघणार? आईचं झालं तेच बापाचं होऊ द्यायचंय का? पांढरीफटक पडली. विश्वास बसला तिचा! आता केंद्राचा आणि माझ्या आकड्याचा काय संबंध, केंद्र तर निवडणुकीच्या वर्षी त्या खासदारानं — असो. तिनं तेवढं तपासलं असतं तर. नाही तपासलं. — असं बघू नका माझ्याकडे. तुमच्यासाठी गप्प बसली ती, माझ्यासाठी नाही.

बरं, आता कामाचं. जाताना तिनं ते प्रकरण बाहेरगावच्या एका परीक्षकाला पाठवलंय. तो विचारतोय. शुक्रवारी बैठक आहे. तो म्हणतो, गावातल्या एका माणसानं जरी लिहून दिलं की पाहणी झाली होती, तर मी गप्प बसतो. एका माणसानं. हा कागद. वाचून दाखवू? ‘त्या वर्षीच्या पावसाळ्यात डॉ. रत्चनी आमच्या गावी आल्या होत्या, मी स्वतः त्यांना नमुना दिला.’ खाली तुमचं नाव. तुमच्याकडे मागतेय कारण बापानंच लिहून दिलं की मुलीच्या वाक्यात काही उरत नाही. — खोटं आहे, हो, खोटं आहे, मला सांगताय? पण सही झाली तर शुक्रवारी मी स्वतः तिचं नाव काढेन समितीपुढे. तिचं वय काय, तीस? अजून सगळं आयुष्य आहे. तुम्ही सही नाही केलीत तर ती तशीच भिंतीकडे तोंड करून पडून राहील आणि तुम्ही तिला भात भरवत बसाल. तुम्ही किती वर्षं भरवणार? त्यानंतर कोण?

— लिहिता येतं ना? नाहीतर शाई आहे, अंगठा चालेल. — येतं? छान. इथे. सावकाश. थांबा, कागद धरते मी. हं. खाली तारीख. अक्षर तिच्यासारखंच आहे तुमचं, उभं. झालं. द्या. द्या इकडे काका, सोडा.

काय? — कधी म्हणजे? कधी काय? — तिला परत? मी असं म्हटलं का? नाव काढेन म्हटलं मी. काढेन की. समितीला सांगेन, मुलगी हुशार होती, वाईट झालं. परत घेणं माझ्या हातात नाही, चोरीचा शेरा पडलेला कुणी परत घेत नसतं, आणि आता तर तिच्या बापानंच लिहून दिलंय की ती खोटं लिहीत होती. — अहो, पाया काय पडता, उठा, उठा, दार उघडं आहे, कुणी बघेल. तिची पुस्तकं त्या खोक्यात बांधून ठेवलीत, कोपऱ्यात, ते उचला. जड आहे, जपून. तिकडे नाही, काका, जिन्यानं जा. लिफ्ट शिक्षकांसाठी आहे.