बारावीचा अख्खा वर्ग

ब्रॉनी : ...आणि पुढे असं, ‘बारावीच्या त्या सोनेरी वर्षानं मला घडवलं.’ कसं वाटतं, आत्या?

नेरिडा : चांगलं आहे की. ‘सोनेरी’ तेवढं काढून टाक. शाळेच्या शताब्दीला आलेली माणसं डिसेंबरच्या ऐन उन्हाळ्यात उन्हात बसलेली असणार, आधीच डोळे दिपलेले.

ब्रॉनी : माझं वाक्यच नाही ते. पेटिग्रू सरांनी मुद्दे लिहून पाठवलेत. खाली टीप आहे, मोठ्या मुलांना बारावी इथेच करावीशी वाटेल असं बोल म्हणून.

नेरिडा : मुख्याध्यापक आहे बिचारा. शाळा टिकवायचीय त्याला.

ब्रॉनी : मग जे झालं तेच सांगते. वर्गात मी पहिली आले. दुसरीही मीच आणि शेवटचीही मीच. ब्रेडन खाणीत कामाला लागला, जॅसिंटा आईबरोबर समुद्राकडे राहायला गेली, राहिले मी. तरी सर रोज हजेरी घ्यायचे. माझं नाव पुकारायचे आणि मान वर करून मला शोधायचे.

नेरिडा : शाळेची कप्तान झालीस की त्याच वर्षी.

ब्रॉनी : निवडणूक लढवून झाले. रीतसर मतपेटी होती. उमेदवार एक, आणि तरी दोन मतं विरोधात पडली.

नेरिडा : ती मतं कुणाची ते गावाला ठाऊक आहे.

ब्रॉनी : रसायनाच्या बाई तीनशे किलोमीटरवरून पडद्यावर शिकवायच्या. वारा सुटला की चित्र गोठायचं. एकदा बाईंचं तोंड उघडं राहिलं ते चाळीस मिनिटं. मी समोर बसून डबा खाल्ला. नंतर त्यांनी सरांना कळवलं, आज वर्गात फार छान शांतता होती.

नेरिडा : हे सांगू नकोस शुक्रवारी. त्या बाई येणार आहेत.

ब्रॉनी : आणि परीक्षा. मी एकटी, माझ्यावर पर्यवेक्षक दोन. एक जण पेंगत होता, दुसऱ्या बाई बिस्किटं खात होत्या, वर पत्र्यावर काकाकुव्यांचा थवा. मी कॉपी करीन म्हणून बाई मधूनमधून डोळे वटारायच्या. कुणाची कॉपी करणार होते मी?

नेरिडा : बक्षिसं मात्र सगळी घेतलीस.

ब्रॉनी : अकरा. प्रत्येक नावाला टाळ्या. पाचव्यांदा पायऱ्या चढले तेव्हा पाहुण्या बाईंनी हळूच विचारलं, पोरी, तू इथेच उभी राहतेस का. आणि पुढच्या आठवड्यात पेपरात काय आलं? ‘वॅरानबी शाळेचा निकाल शंभर टक्के.’

नेरिडा : आमच्या टेगननं ते कात्रण तिच्या खोलीतल्या भिंतीवर लावलंय. तुझ्या फोटोशेजारी.

ब्रॉनी : मगापासून काय शिवतेयस तू?

नेरिडा : काही नाही. नावाच्या पट्ट्या.

ब्रॉनी : मोज्यांवर? इथल्या शाळेत मोज्यांवर कोण नाव घालतं? दाखव. टेगन मॅकार्डल, खोली क्रमांक बारा. हे वसतिगृहाचं आहे. आत्या, टेगन डबो शहरातल्या शाळेत चाललीय?

नेरिडा : जानेवारीत, नवं वर्ष सुरू होताच. अकरावीपासून.

ब्रॉनी : बरं.

नेरिडा : ओरड माझ्यावर. गप्प नको बसूस.

ब्रॉनी : ओरडत नाही. आठवतंय फक्त. माझी अकरावी संपली तेव्हा त्याच शाळेनं मला जागा देऊ केली होती, फीसुद्धा अर्धी. मी बॅग काढून ठेवली होती. मग शाळेची समिती आमच्याकडे चहाला आली. सर म्हणाले, बारावीला कुणीच नसेल तर वरच्या वर्गांचे दोन शिक्षक सरकार काढून घेईल. मग लहान पोरांना शंभर किलोमीटर बसनं जावं लागेल. बाबा खिडकीबाहेर बघत होते. आणि तू नारळाचा कीस लावलेले केक आणले होतेस.

नेरिडा : आणले होते.

ब्रॉनी : सगळे बोलून दमले तेव्हा तू माझ्या शेजारी येऊन बसलीस. म्हणालीस, ‘ब्रॉनी, या गावानं तुला वाढवलंय. एक वर्ष गावाला दे.’ त्यानंतर मी बॅग परत माळ्यावर टाकली.

नेरिडा : तेव्हा मला ते खरंच वाटत होतं.

ब्रॉनी : आणि आता?

नेरिडा : आताही वाटतं. पण आता पोर माझी आहे.

ब्रॉनी : हे बरंय. निदान सरळ बोललीस.

नेरिडा : शिक्षक राहिले, ब्रॉनी. तुझ्यामुळे राहिले. टेगन त्यांच्याकडेच शिकली गेली दोन वर्षं.

ब्रॉनी : म्हणजे मी थांबले म्हणून ती जाण्याइतकी हुशार झाली. हा मुद्दा सरांच्या यादीत नाही.

नेरिडा : टोमणे मार, मला लागू दे. पण मला तुझ्याकडे एक मागायचंय. टेगन जायला तयार नाही. रडून गोंधळ घालते. म्हणते, ब्रॉनी इथे राहून एवढी मोठी झाली, मीही राहणार, कप्तान होणार. तिला वाटतं तू डबोला जनावरांच्या डॉक्टरकीचा अभ्यास करतेस.

ब्रॉनी : मी डॉक्टरांकडे कुत्र्यांचे पिंजरे धुते. संध्याकाळी रसायन पहिल्यापासून शिकते, माझ्याहून लहान मुलांबरोबर. त्यांच्या बाई हलतात, एवढाच फरक.

नेरिडा : तू तर सांगितलं होतंस, एक वर्ष अनुभव घेतेयस म्हणून.

ब्रॉनी : तुम्ही विचारलंत कुठे पुढे? शंभर टक्के वाचून सगळे खूश होते.

नेरिडा : किती होते गं? खरे गुण.

ब्रॉनी : एकसष्ट. डॉक्टरकीला नव्वदच्या वर लागतात.

नेरिडा : देवा. तुझ्या बाबांना माहितीये?

ब्रॉनी : नाही. ते त्या दिवशी खिडकीबाहेर बघत बसले, त्याचं त्यांना अजून वाईट वाटतं. त्यात ही भर कशाला?

(नेरिडा सुई-दोरा बाजूला ठेवते.)

नेरिडा : मी चुकले, ब्रॉनी. केक घेऊन आले आणि चुकले.

ब्रॉनी : थांबायला हो मीच म्हणाले, तेही मोजायला हवं. सगळे आपल्याकडे बघतायत हे मला आवडलं होतं. सतरा वर्षांची होते, कुणी तरी गाव वाचवायला सांगत होतं.

नेरिडा : शुक्रवारी मग काय बोलणार तू?

ब्रॉनी : माहीत नाही. शिक्षक राहिले, ते सांगीन. त्याची किंमत काय पडली, तेही सांगीन. सरांना बाकीचं पटलं नाही तर त्यांनी माईक बंद करावा. टेगन कुठे आहे?

नेरिडा : मागे, कोंबड्यांना दाणे टाकतेय. तिला इकडे बोलावू?

ब्रॉनी : नको. निकालपत्र फोनमध्ये आहे माझ्या. मीच जाते तिच्याकडे.

नेरिडा : मी येऊ बरोबर?

ब्रॉनी : तू बस इथे. तू समोर असलीस की मी सवयीनं सगळं छान झालं म्हणून सांगते.